कानावरचे केस

नाण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या त्या बाईला बाजारात कुणी नावाने ओळखत नव्हतं. सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि पाठीमागेही म्हणायचे, त्यामुळे राग धरायला तिला जागाच उरली नव्हती. खुर्चीची गादी दोनदा बदलून मिळाली, पाठ काही बदलून मिळाली नाही, असं ती स्वतःच सांगायची. साठीला दोन वर्षं कमी होती. घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्याची खोली तेव्हापासून बंद होती. संध्याकाळी घरी आली की ती दिवा न लावता जरा वेळ नुसती बसून राहायची. दिवसभर दिव्याखालीच तर असायची.

काम काय, तर नाण्याकडे बघायचं आणि ते कसं आहे ते सांगायचं. लोकांना वाटतं, जितकं जुनं तितकं महाग. तसं असतं तर नदीतला गोटा सगळ्यात महाग झाला असता. नाण्याचं मोल त्याच्या वयावर कमी आणि त्याच्या अंगावरून काय काय गेलंय यावर जास्त ठरतं. टांकसाळीतून पडलं आणि कुणाच्या खिशात न जाता तसंच राहिलं, ते कोरं. जरा हाताळलेलं, ते उत्तम. बाजारभर फिरून आलेलं, पण चेहरा राखून असलेलं, ते चांगलं. त्याखाली ठीक, आणि त्याच्याही खाली नुसती चकती. यात गंमत अशी की ‘चांगलं’ म्हणजे काही फार चांगलं नाही. एकाच वर्षाची, एकाच साच्यातली दोन भावंडं घ्या. कोऱ्याच्या पैशात वर्षभर घर चालेल, आणि चांगल्याच्या पैशात पंधरा दिवस भाजी येईल. मधली सगळी तफावत भिंगबाईच्या एका चिठ्ठीवर ठरायची.

कोरं ओळखायची खूण म्हणजे चाक. नाणं दोन बोटांनी कडेला धरून दिव्याखाली हळूच कलवलं की प्रकाशाची एक पट्टी सायकलच्या आऱ्यांसारखी त्याच्या अंगावरून फिरते. दुकानात याला ‘चाक फिरणं’ म्हणायचे. नाणं हातात खेळलं की चाक तुटतं, आणि ते आधी तुटतं उंच जागी, म्हणजे गालावर, भुवईवर, कानावरच्या केसांवर. पुसलं तर मेलंच. म्हणून नाणं पुसायचं नाही. ही एक गोष्ट तिने एकतीस वर्षं घसा कोरडा करून सांगितली, आणि एकतीस वर्षं लोक टूथपेस्टने घासून घासून नाणी आणत राहिले. “बघा, कसं चकाकतंय,” म्हणायचे. तिला भिंगातून हजार बारीक चरे दिसायचे. “हो, चकाकतंय,” ती म्हणायची, आणि चिठ्ठीवर लिहायची: घासलेलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

तिच्या टेबलाच्या उजव्या खणात एक नमुन्याची पेटी होती. प्रत्येक प्रतीचं एकेक नाणं तिच्यात मखमलीवर बसवलेलं. शंका आली की पेटी उघडायची, समोरचं नाणं नमुन्याशेजारी धरायचं आणि मग बोलायचं, अशी जुन्या मालकांची शिकवण. जुने मालक गेले, त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला, आणि भिंगबाईने पेटी उघडणं कधी सोडलं ते तिला आठवतही नव्हतं. पोळपाटासमोर पन्नास वर्षं काढलेल्या बाईला लाटी मोजून द्यावी लागते का? तिला अभिमान होता हो. पगार बेताचा, पाठ गेलेली, घरात बोलायला माणूस नाही. मग अभिमान तरी कशाचा करायचा?

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी वन्सं दुकानात आल्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलं, आणि जीभ त्या सुईपेक्षा टोकदार. चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि दोन्ही गुडघे संपावर गेलेले. बेकरीच्या मागच्या गल्लीत तळमजल्याची एक खोली रिकामी झाली होती. खोली त्यांना पसंत होती, भाडं झेपणारं होतं, अडलं होतं ते अनामतीवर. म्हणून त्यांनी पिशवीतून कापडाची एक पुरचुंडी काढली आणि भिंगबाईच्या टेबलावर ठेवली.

“आईने दिलेलं,” वन्सं म्हणाल्या. “कधी पुसलं नाही. तूच मागे सांगितलं होतंस, पुसायचं नाही.”

रुपयाहून मोठं, चांदीचं नाणं होतं. एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तीन शिडांचं जहाज. भिंगबाईने ते कडेला धरलं आणि दिव्याखाली कलवलं. त्या दिवशीचं ते पस्तिसावं नाणं होतं आणि तिचं डोकं ठणकत होतं. चाक फिरलं, पण मंद, पिवळट, जणू लांबच्या खोलीत फिरल्यासारखं. मग तिने कानावरचे केस बघितले. बट उठलेली नव्हती, सपाट होती.

“केस गेलेत,” ती म्हणाली. “चांगलं आहे. कोरं नाही.”

“म्हणजे किती?”

“अनामतीच्या विसाव्या हिश्शाइतकं. फार तर.”

वन्सं म्हणाल्या, “अगं, नीट बघ. आई याला कुणाचा हात लागू देत नव्हती.”

“सगळे असंच सांगतात, वन्सं.”

“मी सगळ्यांतली झाले होय?”

“भिंगाखाली नातं दिसत नाही हो.”

हे वाक्य तिने शंभर जणांना ऐकवलं होतं आणि ऐकणारे हसायचे. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पुरचुंडी बांधली, चिठ्ठीची घडी केली, टेबलाला धरून उठल्या आणि गुडघा सांभाळत पायऱ्या उतरून गेल्या. नमुन्याची पेटी भिंगबाईच्या उजव्या हाताशी होती, नुसता खण ओढायचा होता. तिने पुढचं नाणं उचललं. त्या दिवसापासून दोघींत बोलणं नाही. वन्संनी फोन केला नाही, आणि हिला वाटलं, मी खरं तेच सांगितलंय, मी का करू.

त्यानंतरचं दीड-दोन वर्षांचं आयुष्य भिंगबाईला आठवतं ते दिव्यांवरून. आधी तिने दिव्याचा बल्ब बदलून घेतला, मग अख्खा दिवा बदलला, मग वायरमनला बोलावून ऐकवलं की तुझ्या विजेत दम नाही. वायरमन भला माणूस, म्हणाला, “बाई, सगळ्या बाजाराला तीच वीज आहे.” नाणीही तिला हल्ली सगळी मरगळलेलीच दिसायची. तिला वाटायचं, चांगला माल संपला, आता उरलासुरला गाळ येतोय. जग जुनं झालं, आपणही झालो, असं म्हणून ती चिठ्ठ्या लिहीत राहिली: चांगलं, ठीक, चांगलं, चांगलं, ठीक. कोरं असं लिहून महिनेच्या महिने लोटले. गिऱ्हाइकं कुरकुरत निघून जायची. मालक मात्र खूश होता. “बाई, तुम्ही कडक झालात, हे बरं झालं,” असं तो दोन-तीनदा म्हणाला. घेणारा तोच होता ना. चिठ्ठीवर प्रत खाली आली की भावही खाली यायचा.

शेवटी एकदा ती दुकानाच्या पायरीवर पडली, कारण पायरी तिला दिसलीच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने तिला दोन मिनिटं तपासलं आणि विचारलं, “काम काय करता?” तिने सांगितलं. डॉक्टरने टॉर्च खाली ठेवला. “कशाने करता?” म्हणाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. चार वर्षांपासून तरी असावा, म्हणाला तो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं, डाव्याचं महिन्याभराने करायचं ठरलं.

तीन आठवड्यांनी ती दुकानात परतली तेव्हा खोली आधी तिला ओळखूच येईना. भिंत पांढरी होती. इतकी वर्षं तिला ती फिक्या चहाच्या रंगाची वाटत होती. तिने खण ओढला आणि किती वर्षांनी कोण जाणे, नमुन्याची पेटी बाहेर काढली. कोऱ्या प्रतीचं नाणं दिव्याखाली धरलं. चाक असं फिरलं की तिने मान मागे घेतली. मग उजवा डोळा हाताने झाकून डाव्या, जुन्या डोळ्याने तेच नाणं बघितलं. मंद, पिवळट. लांबच्या खोलीत फिरल्यासारखं.

उजवा, डावा. परत उजवा, परत डावा. कोरं, चांगलं. कोरं, चांगलं. नाणं तेच.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि इथे तर दिवाही तिचाच होता. तिने चिठ्ठ्यांच्या नकलांची वही काढली आणि मागे मागे जात राहिली. गेल्या चार वर्षांतली, चाक मंद दिसलं म्हणून खालची प्रत दिलेली दोनशे चौदा नाणी. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तिची सही, वळणदार, ठाम.

ती वही घेऊन गल्ल्याकडे गेली आणि मालकाला सगळं सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं, चष्मा पुसला, परत घातला. “चूक खालीच झालीय ना बाई? वर तर नाही?” तो म्हणाला. “मग दुकानाचं काय बिघडलं?”

“लोकांचं बिघडलं.”

“लोक राजीखुशीने विकून गेले. तुम्ही आता आराम करा. डोळ्यांना ताण देऊ नका.”

त्याला हे कधीपासून कळलं होतं, हे तिने विचारलं नाही. उत्तर ऐकायचं त्राण नव्हतं. वही मात्र तिने गल्ल्यावर ठेवली नाही, पिशवीत घातली. “यातल्या प्रत्येकाला मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “सोमवारपासून.” मालक काहीतरी बोलला, पण तिचं लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे एकच नाणं होतं.

गोष्ट अशी असते. कानावरचे केस सपाट असले म्हणजे ते झिजलेच असं नाही. कधी कधी साचाच हलका बसतो आणि केस मुळात उठतच नाहीत. दोन्ही सपाटच दिसतात. फरक सांगतं ते चाक. सपाट जागेवरून चाक न तुटता फिरलं तर नाणं कोरं, फक्त ठसा कच्चा. तुटलं तर झीज. हे ती शिकाऊ पोरींना पहिल्याच आठवड्यात सांगायची. आणि वन्संच्या नाण्यावर चाक तुटलं होतं की तिच्या डोळ्यात तुटलं होतं, हे आता नाणं बघितल्याशिवाय देवालाही सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी ती निघाली. वाकडी वाट करून बेकरीच्या मागच्या गल्लीतून गेली, आणि बघते तर ती तळमजल्याची खोली परत रिकामी होती. खिडकीत पाटी लावलेली. शेजारच्या बाईने सांगितलं, मधे एक कुटुंब येऊन गेलं, अनामत तीच आहे. भिंगबाईचे पाय हलके झाले. नाणं कोरं निघालं तर अजूनही सगळं जमत होतं. वन्संची बोलणी खायला ती एका पायावर तयार होती. दोन वर्षांत ती पहिल्यांदा भरभर चालली.

वन्संच्या इमारतीचा रस्त्यावरचा दरवाजा बंद होता. तिने वर तोंड करून हाक मारली. बऱ्याच वेळाने चौथ्या मजल्याच्या खिडकीत पांढरं डोकं दिसलं. वन्संनी वाकून बघितलं, ओळखलं, आणि काही न बोलता डोकं आत घेतलं. आता काही दार उघडत नाहीत, भिंगबाईला वाटलं. पण थोड्या वेळाने खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सुटली आणि भिंतीला घासत, हेलकावे खात खाली येऊ लागली. टोपलीत दरवाजाची किल्ली होती. चार मजले उतरायला नकोत म्हणून किल्ली अशी सोडायची, हे वन्संचं नवं तंत्र तिला माहीत नव्हतं.

किल्ली हरवू नये म्हणून तिला एक जड गोल चकती अडकवलेली होती. भिंगबाईने ती हातात घेतली आणि तिला आधी स्पर्शानेच कळलं. मुकुटाच्या वर आरपार भोक, भोकातून तारेची कडी, कडीत किल्ली.

ती दारातच पायरीवर बसली. पर्समधून भिंग काढलं आणि नाणं उन्हात धरून नव्या डोळ्याला लावलं. दोन वर्षं किल्लीने ते ओरबाडलेलं. गाल चरचरीत खरवडलेला, जहाजाची शिडं घासून गुळगुळीत. पण कडेला, अक्षरांच्या मधल्या फटीत, जिथे किल्ली पोचत नाही तिथे, ती झळाळी अजून तशीच होती, टांकसाळीतून कालच पडल्यासारखी. आणि केस सपाट होते, पण केसांखालच्या कानाची कड धारदार होती. केस झिजले असते तर कान कसा वाचला असता? एवढं तर तिला त्या दिवशीही दिसायला हवं होतं, मोतीबिंदू असो नाहीतर नसो. तिने केस बघितले आणि कान बघितलाच नाही. डोकं ठणकत होतं, घरी जायचं होतं, आणि वन्संच आहेत, त्यांचं काय बघायचं.

कोरं होतं. ठसा कच्चा, पण कोरं. आता ती भोक पडलेली चकती होती.

मग ती जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर तिला वाटलं, सांगून काय होणार आहे. दुसऱ्यावर वाटलं, न सांगणं हीच दया, म्हाताऱ्या बाईच्या जिवाला घोर कशाला लावायचा. तिसऱ्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली, तिला धाप लागली होती, आणि तिथे तिला हेही कळलं की ही दया ती वन्संवर नाही, स्वतःवर करायला बघतेय. चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं.

“ये,” वन्सं म्हणाल्या. खुर्चीतून उठल्या नाहीत. दोन वर्षांत त्या वाळल्या होत्या. पायांवर शाल आणि हाताच्या अंतरावर सगळा संसार: औषधं, पाण्याची बाटली, रेडिओ, दोरीचं भेंडोळं. “चहा तूच कर. मला उभं राहवत नाही फार वेळ. आणि डोळ्याला काय झालं?”

“ऑपरेशन. मोतीबिंदू.”

“तरीच. मला वाटलं, रडून आलीस.”

तिने चहा केला. दोघी प्यायल्या. ती तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संच बोलल्या. “बरं झालं आलीस. मीच फोन करणार होते, पण जीभ रेटत नव्हती. उगाच फणकारले तेव्हा. तुझं काम तू चोख केलंस, मी मात्र घरचं माणूस म्हणून झुकतं माप मागत होते. माझंच चुकलं.”

“वन्सं…”

“ऐक तर. कुलूपवाला किल्ली द्यायला आला तेव्हा म्हणाला, आजी, हे जुनं दिसतंय, याला भोक कशाला पाडता? मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, आमच्या घरात पारखी आहे, अख्खा बाजार तिच्या चिठ्ठीवर चालतो. ती म्हणाली साधं, म्हणजे साधं. पाड भोक.” त्या हसल्या, समाधानाने. “निदान किल्ली तरी हरवत नाही.”

भिंगबाईने कप खाली ठेवला.

“वन्सं, नाणं कोरं होतं,” ती म्हणाली. “माझे डोळे गेले होते आणि मला कळलं नाही. नमुन्याची पेटी शेजारी होती, ती मी उघडली नाही. कान बघितला नाही. मी तुम्हाला चुकीचं लिहून दिलं.”

रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. वन्संनी हात लांब करून तो बंद केला.

“किती आले असते?”

“अनामत निघाली असती. वर वर्षाचं भाडं.”

“आणि आता?”

“आता चांदीच्या वजनाचे.”

वन्संनी खिडकीकडे बघितलं. गेलं दीड वर्ष त्यांना खालचा रस्ता तेवढाच दिसत होता, वरून, टोपलीएवढा. त्या रडल्या नाहीत. मग त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद काढून पुढे केला. ती तिचीच चिठ्ठी होती.

“नीट लिहून दे,” त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलत नव्हते, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

एकतीस वर्षांत भिंगबाईने स्वतःची चिठ्ठी कधी खोडली नव्हती. तिने ‘चांगलं’वर आडवी रेघ मारली, वर लिहिलं: कोरं, ठसा कच्चा. खाली लिहिलं: चूक माझी. आणि सही केली. ती सही काही केल्या नेहमीसारखी वळणदार येईना.

“माझ्याकडे चला,” ती म्हणाली. हे बोलायचं ठरवून आलेली नव्हती. “तळमजला आहे. यांची खोली रिकामीच आहे. चला तुम्ही.”

वन्संनी चिठ्ठीची घडी घातली, डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं. मग तिच्याकडे बघितलं. जीभ पूर्वीसारखीच टोकदार होती, पण आवाज थकलेला होता.

“हेच ऐकायला आले होते गं मी त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक नव्हतं होय, तुझी खोली बंद आहे ते? भावाची खोली माझ्या. पण तोंडाने कसं मागायचं? म्हटलं, नाणं दाखवते, गुडघे दाखवते, बोलता बोलता म्हणेल. तू नाणंच बघितलंस.”

भिंगबाई उठली, तिने कप धुतले, पाण्याची बाटली भरून हाताशी ठेवली. शाल घसरली होती ती नीट केली. वन्संनी करू दिली.

“विचार करते,” शेवटी वन्सं म्हणाल्या. “आज नाही. चार मजले उतरायचे म्हणजे मला एक अख्खा दिवस लागेल, आणि मनाची तयारी वेगळी. दुसऱ्या डोळ्याचं करून घे आधी. मग ये.”

खाली येऊन तिने दरवाजा ओढून घेतला, कुलूप लावलं आणि किल्ली परत ठेवायला टोपलीकडे वळली. वर बघितलं तर वन्सं खिडकीत होत्या.

“राहू दे तुझ्याकडेच,” त्यांनी वरून सांगितलं. “दरवेळी हाका मारत बसू नकोस. माझ्याकडे दुसरी आहे.”

एवढं बोलून त्यांनी रिकामी टोपली वर ओढून घेतली. भिंगबाईच्या पर्समध्ये नाण्यांसाठी मऊ कापडाचा एक बटवा कायम असायचा. सवयीने तिचा हात त्याच्याकडे गेला आणि थांबला. मग तिने ते नाणं किल्लीसकट पर्समध्ये टाकलं, सुट्ट्या पैशांत, बसच्या तिकिटांत, चष्म्याच्या डबीशेजारी, आणि ती बसथांब्याकडे चालू लागली. त्या नाण्याला आता ओरखड्यांची भीती उरली नव्हती.